‘ब्लीडिंग हार्ट’ हा शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘ब्लीडिंग हार्ट’ म्हणजे नेमकं काय?

दुसऱ्याचं दुःख पाहून ज्याचं मन गरजेपेक्षा जास्त हेलावतं आणि त्या भरात ज्याला व्यवहार सुचत नाही, अशा माणसाला इंग्रजीत ‘ब्लीडिंग हार्ट’ म्हणतात. ‘गरजेपेक्षा जास्त’ हे अर्थातच म्हणणाऱ्याचं मत. कैद्यांना माणसासारखं वागवा, निर्वासितांना आसरा द्या, फाशीची शिक्षा रद्द करा, बेघरांसाठी सरकारने पैसे खर्च करावेत, असं कोणी बोललं की समोरच्या बाजूने हा शब्द येतो. अमेरिकेत तो बहुतेक वेळा ‘लिबरल’ला (उदारमतवाद्याला) चिकटूनच येतो: ‘ब्लीडिंग हार्ट लिबरल’.

आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत तो बरीच वर्षं आहे आणि आता मराठीत चालणाऱ्या ऑनलाइन वादांतही देवनागरीत लिहिलेला दिसतो. तो ज्या प्रसंगातून शिवी बनला तो प्रसंग मात्र सहसा कोणी सांगत नाही. तो सांगायलाच हवा, म्हणून हे पान.

शब्दशः अर्थ ‘रक्त वाहणारं हृदय’. मग हा मुळात वैद्यकीय शब्द होता का?

नाही. हृदयातून रक्त वाहणं ही मध्ययुगापासून चालत आलेली काव्यातली प्रतिमा आहे आणि सुरुवातीला तिचा करुणेशी संबंधही नव्हता. इंग्रजी कवी चॉसरने १३८० च्या दशकात लिहिलेल्या ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’मध्ये ट्रॉयलसला वाटतं, ही बाई आपल्याकडे ढुंकूनही बघणार नाही, आणि त्या विचाराने त्याला आपलं काळीज रक्ताळल्यासारखं होतं. ही एकतर्फी प्रेमातली वेदना आहे. रक्त त्याचं, दुःखही त्याचंच.

शेक्सपिअरपर्यंत येईतो अर्थ थोडा सरकला आहे. ‘द टेम्पेस्ट’मध्ये मिरांडा वडिलांना म्हणते, माझ्यापायी तुम्हाला किती त्रास झाला असेल या विचाराने माझं हृदय रक्ताळतं. आता दुःख दुसऱ्याचं आणि रक्त आपलं. आजच्या अर्थाचा सांगाडा इथे तयार झाला आहे. पण त्यात टवाळीचा लवलेश नाही. मुलीने बापासाठी हळहळावं यात प्रेक्षकांपैकी कोणालाही काही जास्तीचं वाटलं नसणार.

या शब्दाचा ख्रिस्ती धर्माशी काय संबंध?

शब्दाचा थेट नाही, चित्राचा मात्र आहे. लूकच्या शुभवर्तमानात देवळातला वृद्ध शिमोन बाळ येशूला हातात घेतो आणि मरियेला सांगतो की तुझ्या जिवातूनही तलवार आरपार जाईल. या एका वाक्यावरून युरोपातल्या चित्रकारांनी शेकडो चित्रं काढली: मरियेचं हृदय आणि त्यात रुतलेली तलवार. पुढे मरियेच्या सात दुःखांची परंपरा आली तेव्हा तलवारीही सात झाल्या.

दुसरं चित्र येशूच्या पवित्र हृदयाचं. फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियाल गावच्या मठात मार्गारेट मेरी आलाकोक या जोगिणीला १६७३ ते १६७५ या काळात जी दर्शनं झाली, त्यांतून या भक्तीला आजचं रूप मिळालं. १८५६ मध्ये पोप पायस नववे यांनी हा सण साऱ्या कॅथॉलिक चर्चसाठी लागू केला. गोव्यातल्या किंवा वसईतल्या ख्रिस्ती घरात गेला असाल तर हे चित्र तुम्ही पाहिलेलं आहे. छातीवर उघडं दिसणारं लाल हृदय, त्याभोवती काट्यांचा वेढा, वरच्या बाजूला ज्वाळा आणि छोटा क्रूस, बाजूला भाल्याची जखम आणि तिच्यातून ओघळणारं रक्त. येशूचा एक हात त्या हृदयाकडे निर्देश करतो. चित्राचा अर्थ असा की माणसांच्या पापांसाठी आणि दुःखांसाठी हे हृदय अजून रक्ताळतं आहे. भाविकांच्या दृष्टीने करुणेचं याहून मोठं रूप नाही.

१९३८ मध्ये ज्या पत्रकाराने या दोन शब्दांची शिवी केली तो स्वतः कॅथॉलिक होता. ही प्रतिमा त्याच्या पूर्ण परिचयाची होती.

लंडनमध्ये ‘ब्लीडिंग हार्ट यार्ड’ नावाची जागा आहे. शब्द तिथून आला का?

तिथून आलेला नाही, पण नावाची गोष्ट रंजक आहे. हॅटन गार्डनच्या सराफी पेठेला लागून हे छोटंसं आवार आहे. दंतकथा अशी की १६२६ मध्ये लेडी एलिझाबेथ हॅटन या सुंदर बाईचं प्रेत तिथे सापडलं आणि तिचं हृदय तेव्हाही रक्त ओकत होतं. खऱ्या लेडी हॅटन १६४६ मध्ये वारल्या, म्हणजे दंतकथेतल्या ‘खुना’नंतर त्या वीस वर्षं जगल्या. नावाचं खरं कारण बहुधा एका जुन्या खानावळीची पाटी हे आहे. तिच्यावर मरियेचं तलवारींनी विंधलेलं हृदय रंगवलेलं असे.

डिकन्सच्या ‘लिटल डॉरिट’मध्ये (१८५५ ते १८५७) या आवारात राहणारी गरीब कष्टकरी मंडळी आहेत आणि लेखक त्यांनाच ‘ब्लीडिंग हार्ट्स’ म्हणतो. आजच्या अर्थाच्या नेमकं उलट. तिथे ज्यांना मदतीची गरज आहे त्यांचं हे नाव आहे, मदत करायला धावणाऱ्यांचं नाही.

मग शिवी म्हणून तो कधी वापरला गेला?

८ जानेवारी १९३८. लिहिणारा वेस्टब्रुक पेग्लर, अमेरिकेतल्या अनेक वर्तमानपत्रांत एकाच वेळी छापल्या जाणाऱ्या स्तंभाचा लेखक. शब्दकोशकार या राजकीय अर्थाचं श्रेय सहसा त्यालाच देतात. विषय होता झुंडबळींविरोधी कायद्याचा, आणि इथे थोडं मागे जावं लागेल.

‘लिंचिंग’ म्हणजे जमावाने एखाद्याला पकडून, कोर्टकचेरीशिवाय, बहुतेकदा हालहाल करून मारणं. टस्कीगी इन्स्टिट्यूट या संस्थेने ठेवलेल्या नोंदींप्रमाणे १८८२ ते १९६८ या काळात अमेरिकेत असे ४,७४३ बळी गेले. त्यांतले ३,४४६ कृष्णवर्णीय. गुन्हेगार कोण हे गावाला माहीत असे, कधीकधी त्यांचे फोटोही निघत, पण स्थानिक ज्यूरी त्यांना शिक्षा करत नसे. म्हणून हा गुन्हा राज्यांच्या हातून काढून केंद्राच्या कायद्याखाली आणावा, अशी मागणी होती. कनिष्ठ सभागृहाने १९२२ मध्ये एकदा असं विधेयक मंजूर केलं होतं. वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, दक्षिणेकडच्या सदस्यांनी ते अडवलं.

न्यूयॉर्कच्या फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूवर कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ‘एनएएसीपी’ या संघटनेचं कार्यालय होतं. कुठे लिंचिंग झाल्याची बातमी आली की त्या कार्यालयाच्या खिडकीतून रस्त्यावर एक काळा झेंडा लटकवला जाई. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ असे: ‘काल एका माणसाला जमावाने ठार मारलं.’ नाव नाही, गाव नाही, आवाहन नाही. खालून जाणाऱ्या-येणाऱ्याने मान वर करून वाचावं एवढंच. १९३८ मध्ये हा झेंडा बंद झाला, कारण जागा खाली करावी लागेल अशी धमकी संघटनेला मिळाली.

१९३७ च्या एप्रिलमध्ये कनिष्ठ सभागृहात पुन्हा असं विधेयक चर्चेला होतं. चर्चा चालू असतानाच मिसिसिपीतल्या डक हिल इथून बातमी आली: दोन कृष्णवर्णीय आरोपींना पोलिसांच्या ताब्यातून पळवून, झाडाला बांधून, ब्लोटॉर्चने भाजून मारलं. दोन दिवसांनी, १५ एप्रिलला, विधेयक २७७ विरुद्ध १२० मतांनी मंजूर झालं. आता पाळी सिनेटची होती. जानेवारी १९३८ मध्ये तिथे दक्षिणेच्या सदस्यांनी न थांबता भाषणं करत कामकाज रोखून धरलं. पेग्लरने नेमक्या त्याच वेळी लिहिलं.

पेग्लरचं म्हणणं काय होतं?

मुद्दा असा: देशात लाखो लोक उपाशी आहेत, त्यांच्यासाठीची विधेयकं ताटकळत आहेत, आणि ही धंदेवाईक ‘ब्लीडिंग हार्ट’ मंडळी, एकही माणूस उपाशी राहता कामा नये म्हणून ओरडणारी, वर्षाला फार फार तर १४ जीव वाचवणाऱ्या एका कायद्यासाठी साऱ्या कामकाजाचा खोळंबा करायला निघाली आहेत. त्यांच्या माणुसकीबद्दलच मला शंका आहे.

हा युक्तिवाद नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. पहिली गोष्ट, कामकाजाचा खोळंबा कायदा मागणाऱ्यांनी केला नव्हता. तो कायदा अडवणाऱ्यांनी केला होता, दिवसेंदिवस भाषणं ठोकून. दुसरी, वर्षाला किती हा हिशेब. १९३७ मध्ये नोंदवलेली लिंचिंगची संख्या ८ होती आणि पेग्लरसारख्यांना ती कमी वाटत होती. पण लिंचिंग हे मेलेल्या माणसापुरतं कधीच नव्हतं. प्रेत झाडावर लटकतं ठेवायचं ते आजूबाजूच्या हजारोंनी पाहावं आणि घाबरून राहावं म्हणून. त्या भीतीचा आकडा कोणत्याही नोंदीत नसतो.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. या शब्दामुळे चर्चेचा विषयच बदलतो. ‘डक हिलमध्ये जे झालं त्याला शिक्षा कोण देणार’ हा प्रश्न बाजूला पडतो आणि ‘तू एवढा का हळहळतोस, तुझा हेतू काय’ हा प्रश्न पुढे येतो. जो भाजून मेला तो चर्चेतून निघून जातो. उरतो फक्त त्याच्यासाठी बोलणारा, आणि त्याच्या मनाची उलटतपासणी. १९३८ नंतर हा शब्द ज्या ज्या ठिकाणी वापरला गेला, तिथे त्याने हेच काम केलेलं दिसतं.

पेग्लर स्वतः कोण होता?

खेळांचा बातमीदार म्हणून पुढे आलेला, तिखट लेखणीचा माणूस. कामगार संघटनांमधल्या गुंडगिरीवर त्याने केलेल्या लिखाणाला १९४१ चं पुलित्झर मिळालं आणि ते काम खरोखर धाडसाचं होतं, हे मान्य करायला हवं. पण १९३३ च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात जमावाने तुरुंग फोडून अपहरण आणि खुनाच्या दोन आरोपींना फाशी दिली, तेव्हा त्याने आपल्या स्तंभात त्या जमावाची बाजू घेतली होती. मारले गेलेले दोघेही गोरे होते, म्हणजे प्रश्न केवळ वर्णाचा नव्हता. कायदा हातात घेणंच त्याला चालत होतं. चार वर्षांनी झुंडबळींविरुद्ध कायदा मागणाऱ्यांच्या माणुसकीवर त्याने शंका घेतली, ती या पार्श्वभूमीवर वाचावी. उतारवयात तो इतका टोकाला गेला की त्याच्या लिखाणाला मोठ्या वर्तमानपत्रांचे दरवाजे बंद झाले.

त्या कायद्याचं पुढे काय झालं?

सुमारे सहा आठवड्यांच्या अडवणुकीनंतर फेब्रुवारी १९३८ मध्ये विधेयक बाजूला ठेवलं गेलं. अध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्यासाठी आपलं वजन खर्च केलं नाही. बाकीच्या योजनांसाठी त्यांना दक्षिणेच्या सिनेटरांची मतं हवी होती. वर्षानुवर्षं अशी सुमारे २०० विधेयकं आली आणि गेली. जून २००५ मध्ये सिनेटने या अपयशाबद्दल ठराव करून माफी मागितली. लिंचिंगला केंद्रीय गुन्हा ठरवणारा कायदा अखेर २९ मार्च २०२२ रोजी झाला. त्याला एमेट टिल या मुलाचं नाव आहे. १९५५ मध्ये मिसिसिपीत त्याला मारलं तेव्हा तो १४ वर्षांचा होता.

‘लिबरल’ हे शेपूट कधी लागलं?

दुसऱ्या महायुद्धानंतर, हळूहळू. १९५४ मध्ये सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी आपल्यावर टीका करणाऱ्या रेडिओ-टीव्हीवाल्यांना ‘अतिडावे, ब्लीडिंग हार्ट’ ही विशेषणं एका दमात लावली. तोवर विशेषण म्हणून तो रुळला होता आणि त्याला डावेपणाचा वास लागला होता. साठच्या दशकात ‘ब्लीडिंग हार्ट लिबरल’ हा जोडशब्दच झाला.

पुढे रिपब्लिकन पक्षाकडून अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन हे १९६२ पर्यंत डेमोक्रॅटिक पक्षाचे. १९६५ च्या आत्मचरित्रात त्यांनी आपल्या जुन्या मतांबद्दल लिहिताना ही प्रतिमा आणखी ताणली: आपण जवळजवळ ‘हिमोफिलिया झालेले’ लिबरल होतो, म्हणजे ज्याचं रक्त वाहायला लागलं की थांबतच नाही असे.

हा शब्द फक्त अमेरिकेतच वापरला जातो का?

नाही, आणि त्याचा सर्वांत गाजलेला वापर तर कॅनडातला आहे. ऑक्टोबर १९७० मध्ये क्युबेकच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या एका सशस्त्र गटाने ब्रिटिश मुत्सद्दी जेम्स क्रॉस आणि प्रांताचे मंत्री पिएर लापोर्त यांचं अपहरण केलं. राजधानी ओटावात सैनिक तैनात झाले. १३ ऑक्टोबरला संसदेच्या पायऱ्यांवर एका टीव्ही पत्रकाराने पंतप्रधान पिएर ट्रूडो यांना गाठून विचारलं, रस्त्यावर एवढ्या बंदुका कशाला? ट्रूडो म्हणाले की हेल्मेट घातलेली, बंदुका घेतलेली माणसं पाहवत नाहीत अशी बरीच ‘ब्लीडिंग हार्ट’ मंडळी आहेत. मी एवढंच म्हणेन, वाहू द्या रक्त. पुढे, तुम्ही कुठवर जाल, या प्रश्नावर त्यांचं ते प्रसिद्ध उत्तर आलं: बघाच तुम्ही.

तीन दिवसांनी युद्धकालीन कायदा लागू झाला. दुसऱ्या दिवशी लापोर्त यांचं प्रेत सापडलं. जवळपास ५०० लोकांना वॉरंटशिवाय धरलं गेलं आणि त्यांतल्या बहुतेकांवर कधी आरोपही ठेवला गेला नाही. ट्रूडो स्वतः लिबरल पक्षाचे नेते होते, आयुष्यभर नागरी हक्कांची बाजू मांडलेले. शब्द त्यांच्याही तोंडी तितक्याच सहज आला, म्हणून तो एकाच बाजूचा आहे असं समजू नये. ज्याच्या हातात त्या वेळी सत्ता आहे आणि ज्याला आपला निर्णय थांबवायचा नाही, त्याला तो उपयोगी पडतो.

कोणी तो अभिमानाने मिरवतं का?

हो. रिपब्लिकन नेते जॅक केम्प, जे १९८९ ते १९९३ या काळात अमेरिकेचे गृहनिर्माण मंत्री होते, स्वतःला ‘ब्लीडिंग हार्ट कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणवून घेत. गरीब वस्त्यांबद्दल कळकळ असणं आणि बाजारपेठेवर विश्वास असणं यात विरोध नाही, असं त्यांचं सांगणं. डाव्या बाजूलाही ‘हो, आहे मी ब्लीडिंग हार्ट’ असं ठणकावून सांगणारे पुष्कळ भेटतात.

कोणी ‘माय हार्ट ब्लीड्स फॉर यू’ म्हटलं तर?

सूर ऐका. आज हे वाक्य बहुतेकदा उपरोधाने येतं: ‘अरेरे, काय हे तुझं दुःख!’ पण शोकसंदेशात किंवा वयस्कर माणसाच्या पत्रात ते मनापासूनही असू शकतं.

प्रमाणाबाहेरच्या हळवेपणासाठी इंग्रजीत आणखी कोणते शब्द आहेत, आणि त्यांची मुळं काय?

पुष्कळ आहेत आणि त्यांची मुळं एकाहून एक चमत्कारिक आहेत.

‘मॉडलिन’, म्हणजे रडका, अश्रुपाती. हे नाव येशूची अनुयायी मग्दालिया मरिया हिचं. लूकच्या शुभवर्तमानात एक निनावी पापी स्त्री येशूचे पाय अश्रूंनी भिजवते. इसवी सन ५९१ मध्ये पोप ग्रेगरी पहिले यांनी एका प्रवचनात ही स्त्री, बेथानीची मरिया आणि मग्दालिया या तिघींना एकच ठरवलं. त्यानंतर हजारएक वर्षं चित्रांमध्ये मग्दालिया रडतच राहिली, केस मोकळे, डोळे वर. इंग्रजीत तिच्या नावाचा उच्चार घासून ‘मॉडलिन’ झाला. ऑक्सफर्डमधलं १४५८ साली स्थापन झालेलं मॅग्डलेन कॉलेज आजही ‘मॉडलिन’ असंच उच्चारतात. टॉमस नॅश या इंग्रजी लेखकाने १५९२ मध्ये दारुड्यांचे आठ प्रकार सांगितले, त्यांत पाचवा ‘मॉडलिन’: प्यायल्यावर प्रेमाचं भरतं येऊन रडणारा आणि समोरच्याचे मुके घेणारा. कॅथॉलिक चर्चने १९६९ मध्ये सणांची दिनदर्शिका सुधारताना मग्दालियेला त्या पापी स्त्रीपासून वेगळं काढलं. जी बाई सगळे शिष्य पळाल्यावरही क्रूसाजवळ थांबली, तिच्या वाट्याला इंग्रजी कोशात गळेपडू दारुडा यावा, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

‘मॉकिश’ म्हणजे किळस येईल इतका गोग्गोड. मूळ ‘मॉक’, म्हणजे अळी, किडा. ‘श्मॉल्ट्झ’ हा यिडिश भाषेतून आला. अर्थ कोंबडीची वितळवलेली चरबी. ‘सॉब सिस्टर’ म्हणजे हुंदके काढायला लावणाऱ्या बातम्या लिहिणारी पत्रकार. १९०७ मध्ये न्यूयॉर्कला हॅरी थॉ याच्यावर गाजलेला खुनाचा खटला चालला, तो वार्तांकित करणाऱ्या स्त्री पत्रकारांना हे नाव पडलं. त्या बायका कोर्टात बसून पुरुष पत्रकारांइतकंच काम करत होत्या.

‘कम्पॅशन फटीग’ म्हणजे हेच का?

नाही. तो नर्स, समाजसेवक, दुर्धर आजारी माणसाची शुश्रूषा करणारे नातेवाईक यांना येणारा थकवा. हा शब्द १९९२ मध्ये कार्ला जॉइनसन यांनी नर्सिंगच्या एका मासिकात रुग्णालयातल्या परिचारिकांबद्दल वापरला. त्यात कोणाची हेटाळणी नाही. रोज दुसऱ्याचं दुःख पाहून आटलेल्या माणसाला विश्रांती आणि मदत हवी, एवढंच तो सांगतो. अति करुणेने माणसाचं खरोखर काही बिघडतं का, हा प्रश्न कोणाला प्रामाणिकपणे पडला असेल तर त्याने हा विषय वाचावा. ‘ब्लीडिंग हार्ट’ या शब्दात त्याचं उत्तर सापडणार नाही.

‘हार्टब्लीड’ नावाचा संगणकातला दोष याच शब्दावरून आहे का?

नाव तेवढं त्यावरून खेळलेलं आहे. एप्रिल २०१४ मध्ये उघडकीस आलेला हा दोष इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या सॉफ्टवेअरच्या ‘हार्टबीट’ नावाच्या भागात होता आणि त्यातून सर्व्हरच्या मेमरीतली माहिती झिरपत असे. म्हणून ‘हार्टब्लीड’.

आमच्याकडे नर्सरीत ‘ब्लीडिंग हार्ट’ नावाची वेल मिळते. ती हीच का?

इंग्रजी बागांमधलं मूळ ‘ब्लीडिंग हार्ट’ वेगळं. ते सायबेरिया, उत्तर चीन, कोरिया, जपान या थंड मुलखातलं. वनस्पती गोळा करत फिरणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्यून याने १८४६ मध्ये ते चीनमधून इंग्लंडला पाठवलं आणि व्हिक्टोरियन बागांत त्याचं वेड लागलं. वाकलेल्या दांडीवर गुलाबी बदामांची रांग आणि प्रत्येकाच्या टोकाला पांढरा थेंब. पुण्या-मुंबईच्या उन्हात ते टिकत नाही. आपल्याकडे मिळते ती पश्चिम आफ्रिकेतली वेल, क्लेरोडेंड्रम थॉमसोनी: पांढऱ्या पाकळीसारख्या आवरणातून डोकावणारं लालभडक फूल. अर्धसावलीत आणि निचऱ्याच्या मातीत छान येते. दोन्हींची नावं आकारावरून आणि रंगावरून पडली, राजकारणाशी त्यांचा काही संबंध नाही.

मराठीत याला नेमका शब्द कोणता वापरावा?

‘रक्तबंबाळ हृदय’ असं करू नये. वाचणाऱ्याला अपघात आठवेल. मराठीत करुणा मुळात आतड्यात राहते: आतडं तुटतं, आतडं पिळवटतं, आतड्याची माया असते. जुन्या ग्रीकमध्येही कळवळण्याचं क्रियापद आतड्यावरूनच आहे आणि १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘दयेची आतडी’ अशा अर्थाची शब्दरचना आढळते. इंग्रजीने पुढे ती टाकून हृदय धरलं.

टोमणा म्हणून रोजच्या बोलण्यात आपला ‘पुळका’ अगदी चपखल बसतो. ‘तुला का त्यांचा एवढा पुळका?’ या वाक्यात ‘ब्लीडिंग हार्ट’मधली सगळी धार आहे. शिवाय काम तेच: ‘त्यांचं’ काय झालं हे न विचारता ‘तुला’ का, हे विचारायचं. फरक इतकाच की पुळका एकदम येतो आणि ओसरतो. ‘ब्लीडिंग हार्ट’ हा माणसाचा कायमचा स्वभाव म्हणून सांगितला जातो. ‘नक्राश्रू’ मात्र इथे चालणार नाहीत. मगरीचे अश्रू खोटे असतात, आणि ‘ब्लीडिंग हार्ट’ म्हणणारा सहसा समोरच्याचं दुःख खरं मानतो, फक्त ते अस्थानी आणि अति आहे असं म्हणतो.

पेग्लरचा अपवाद. त्याने ‘धंदेवाईक’ हे विशेषण जोडून खोटेपणाचाही आरोप केला होता. त्यामुळे त्याच्या १९३८ च्या स्तंभाचा उल्लेख मराठीत करताना ‘अतिदयाळू लोक’ असं मऊ भाषांतर करू नये. ‘धंदेवाईक कळवळेवाले’ म्हणावं, आणि त्याच वाक्यात तो कळवळा झुंडबळींविरुद्धच्या कायद्यासाठी होता हेही लिहावं.